किल्ली

पेंबर्टनच्या बेकरीत नोरीन रांगेत उभी होती. तिच्या मागे म्हातारा लॉर्न आणि त्याची मुलगी टेस दबक्या आवाजात भांडत होते.

"शोधपथकानं काम थांबवलंय, बाबा."

"म्हणूनच मी जातोय. किप अजून त्या बर्फाखाली आहे, माझा मुलगा."

"पाऊस पडून गोठला, त्यावर नवा बर्फ साचलाय. नुसता पाय पडला तरी अख्खा उतार खाली येईल."

"समुद्राजवळच्या डोंगरांवरचा बर्फ ओला, जड असतो गं. लवकर घट्ट बसतो."

"किपही हेच म्हणाला होता."

"मग तुझ्या आईला काय सांगू?"

"सांगा, टेसनं गाडीची किल्ली दिली नाही."

रांग पुढे सरकली. नोरीननं मागे वळून पाहिलं नाही.

"तुझ्या आईसाठी दालचिनीचा बन घे," लॉर्न म्हणाला. "कालपासून उपाशी आहे ती."