मामलेदारांचा घोड्यांचा शौक

तबला आणि घोडी हे माझे जन्माचे दोन नाद. तबल्यावर कुणी डोळा ठेवला नाही, घोडीवर मात्र ठेवला. सारंगखेड्याच्या यात्रेत एक मामलेदार मला म्हणाले, "मलाही लहानपणापासून घोड्यांचा फार शौक. ही घोडी माझ्या फिरतीला लागेल." सरकारी माणूस, नाही कसं म्हणणार? घोड्यावर डावीकडून चढतात; साहेब चढले ते उजव्या बाजूनं! घोडी बिचकली, सरळ तापीत शिरली आणि मधेच थांबून पाणी पिऊ लागली. काठावर सगळी यात्रा गोळा झाली. तिच्या मानेला मिठी मारून साहेब ओरडले, "अरे, थांबव हिला!"

मी म्हणालो, "सायेब, ती ते उभीच शे. तुम्हीच हाली ऱ्हायनात."

पुढची सगळी फिरती त्या शौकीन माणसानं बैलगाडीतून केली.