क्यू म्हणजे क्यूं नव्हे

...आणि वर मलाच म्हणतो, "इंदूकाकू, क्यू द्या." आता तुम्हीच सांगा, सगळा जन्म काशीत गेलेला, दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत दिवसभर हिंदी, इथे समोरच्यानं 'क्यूं' म्हटलं तर माणूस काय करेल? कारण सांगेल! मीही सांगितलं, "क्यूं म्हणजे काय, भाजी चिरून झाली होती म्हणून आले." तर हा निनाद, पुण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला मुलगा, गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं नाटक बसवत होता, तो कपाळाला हात लावून म्हणतो, "काकू, क्यू म्हणजे क्यूं नव्हे. नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच द्यायचा."

मग तसं बोलायचं ना आधी!

तुम्हाला सांगते, मी गेले होते नुसती बघायला. बालाजी घाटाच्या आमच्या गलीत कुणाच्या कुकरची शिट्टी जास्त झाली तरी मी चौकशीला जाते, ही तर तालीम! गेले, आणि ह्यानं हातात वही कोंबून मला विंगेत उभं केलं. विंग म्हणजे रंगमंचाच्या कडेचा पडदा, त्याच्यामागे राहायचं, सगळं बघायचं पण कुणाला दिसायचं नाही... म्हणजे माझी स्वयंपाकघराची खिडकीच की. ते जमलं मला.

पण खरं कारण ढुंढिराजभाऊ. आमचे शेजारी, रेल्वेतून रिटायर झालेले. मागच्या दिवाळीत त्यांची बायको गीता गेली आणि भाऊंचं बोलणंच बंद झालं. हो, नाही, बरं, संपलं. मी डबा पाठवावा आणि त्यांनी तो घासूनपुसून परत करावा... अहो, आतलं वरण गाईला घालून! मला कळणार नाही होय? म्हणून त्यांचं नाव मीच नाटकात घुसडलं. म्हाताऱ्या पोस्टमनची भूमिका, शेवटी दोन-तीनच वाक्यं. "सगळ्यांची पत्रं पोचवली, पण माझ्या घरी कोण वाट पाहतंय?" मग पॉज. मग, "कुलूप पाहतंय. चला, निघतो."

पॉज म्हणजे मुद्दाम गप्प बसणं. निनाद म्हणे फार अवघड असतं. आमच्या ह्यांना तीस वर्षं जमतंय, पेपर तोंडासमोर धरून, कुणी टाळी नाही दिली.

तालमीत भाऊंचं बरं चाललं होतं. एकदा प्रेक्षकांकडे पाठ केली, एकदा ब्लॅकआउट झाला, म्हणजे सगळे दिवे घालवले, तर हे अंधारात "बिजली गई?" म्हणाले, एवढंच. मी मात्र दोनदा 'क्यूं' ऐकून कारणं दिली आणि दोनदा ऐकून घेतलं, "काकू, क्यू म्हणजे क्यूं नव्हे."

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरलेला. पुढच्या रांगेत आमचे हे. भाऊ आले, खाकी टोपी, खांद्यावर झोळी. म्हणाले, "माझ्या घरी कोण वाट पाहतंय?" आणि थांबले.

मी मोजलं. एक, दोन, तीन. चार. सात. आता हा पॉज की भाऊ विसरले, कळणार कसं? तोंड माझ्या बाजूला वळलं होतं त्यांचं, आणि डोळे... नको, सांगत नाही. विसरले नव्हते हो. चांगलं आठवत होतं, म्हणूनच निघत नव्हतं तोंडातून. समोरच्या विंगेतून निनाद हात हलवतोय, "काकू, क्यू! क्यू!" माझ्या वहीत लिहिलेलं, 'कुलूप'. एकच शब्द द्यायचा. पण त्या माणसाला, सांगा ना, रोज खरंच कुलूप काढून घरात जाणाऱ्या माणसाला मी 'कुलूप' म्हणू?

मी जोरात म्हणाले, "आम्ही पाहतोय की, भाऊ! वरण निवतंय, या लवकर!"

हॉलभर हशा, मग टाळ्या. बरं झालं 'आम्ही' म्हटलं, पुढच्या रांगेत हे होते. आणि भाऊ हसले! दिवाळीनंतर पहिल्यांदा. "आलो, वहिनी," म्हणाले आणि जायचं डावीकडून ते उजवीकडून सरळ माझ्याच विंगेत शिरले. निनाद आधी चिडला, मग लोक येऊन म्हणायला लागले, शेवट काय सुचला तुम्हाला, तर लगेच हात जोडून नम्र!

पण माझं काय झालं ते ऐका. आता रोज संध्याकाळी भाऊ घाटावरून येतात, माझ्या खिडकीखाली थांबतात, खणखणीत म्हणतात, "माझ्या घरी कोण वाट पाहतंय?" आणि पॉज घेतात. गलीतली पोरंही थांबतात. मी ओरडायचं, मग ते वर येणार आणि पोटभर जेवणार, वर मीठ कमी आहे म्हणून सांगणार. प्रयोग संपला म्हणून सांगायचं कुणी त्यांना?

परवा हात कणकेत, दूध उतू चाललेलं, म्हटलं एक दिवस नाही ओरडले तर काय होतंय? तर पेपरामागून आवाज आला, "अगं, क्यू!"

मी म्हटलं, "क्यूं?"

पेपर खाली झाला. "क्यू म्हणजे क्यूं नव्हे. भाऊ खाली उभे आहेत."

तीस वर्षांचा पॉज मोडला, तोही दुसऱ्याच्या जेवणासाठी! वरणात वाटीभर पाणी वाढवलं आणि खिडकीत गेले ओरडायला.