रस्सा वाढा की

नव्या मॉलच्या फूड कोर्टात जपानी रामेनच्या काउंटरपुढं मी रांगेत उभी होते. माझ्यापुढं एक पटकेवाले आजोबा होते, सोबत एक तरुण मुलगी. त्यांच्या वाडग्यात नुसत्या शेवया उरल्या होत्या.

“पावणं, जरा रस्सा वाढा की.”

“काका, सूप परत मिळत नाही.”

“आँ? आपल्या कोल्हापुरात रस्सा कुणी मोजून देतंय व्हय? खाणारा नको म्हणंपतूर वाढायचं असतंय!”

“आबा, चला की जाग्यावर. सगळी बघाय लागल्यात.”

“बघूंद्यात. माझ्या लेकीच्या पहिल्या पगाराचं जेवान हाय.”

रांगेत माझ्या मागं उभी असलेली एक मुलगी पुढं आली.

“अय्या, मोना! ऑफिसात बोलली नाहीस इथं येणार म्हणून! हे कोण? बाबा तुझे?”

“नाही गं. हे... गावाकडचे आहेत. सूप कुठं मिळतं, विचारत होते.”

“व्हय बाई. ह्या ताईंनी सांगितलं म्हणून घावलं. ताई, तुमी जावा आता. तुमचं जेवान निवंल.”

“आबा...”

“जावा की. मैत्रीण थांबलीया.”

“काका, द्या तो वाडगा इकडं. आजच्या दिवस वाढतो सूप.”

“नको, पावणं. पोट भरलं.”