वर लावलेला कागद

हमीदाभाभी, मॅनेजर साहेब, वर्कशॉपची आणि गेटवरची मंडळी, गोंडपिपरीहून आलेले पाहुणे,

तुम्ही सगळे आलात. शिफ्ट बदलायच्या वेळी हा कँटीनचा शेड एवढा शांत मी कधी पाहिला नव्हता. मला बोलायचं नव्हतं. भरतीच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या बाईला माणसाबद्दल दोन ओळींचा शेरा लिहायची सवय असते, भाषणाची नसते. रशीदभाईंबद्दल असा एक शेरा मी लिहिला होता. तो चुकला. म्हणून उभी आहे.

रशीद खाँ, आपले गेटवरचे हवालदार, गेल्या शुक्रवारी सकाळी ड्यूटीवर निघताना, बुटांच्या नाड्या बांधता बांधता गेले. हे तुम्हाला माहीत आहे. ते गेटवर कसे आले, हे तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

बारा वर्षांपूर्वी ते फौजेतून परत आले. फौजेत त्यांनी बंदूक कमी आणि पाना जास्त धरला. बर्फात गारठलेली ट्रकची इंजिनं चालू करायची, हे त्यांचं काम. आपल्या वर्कशॉपला मेकॅनिक हवा होता. आणि आपल्या जाहिरातीत त्याच वर्षी एक नवी ओळ आली होती. 'माजी सैनिकांना प्राधान्य.' खासगी कारखाना, कुणाची सक्ती नाही, आपण होऊन दिलेलं प्राधान्य. साहेबांना अभिमान होता. मलाही होता.

रशीदभाई अर्ज घेऊन आले. मीच त्यांना म्हटलं, "फौजेचं डिस्चार्ज बुक सगळ्यात वर लावा. लगेच नजरेत येईल."

त्यांनी तसंच लावलं. फौजी माणूस. सांगितलेलं ऐकणारा.

आता आमची पद्धत ऐका. वर डिस्चार्ज बुक दिसलं, की अर्ज सुरक्षेच्या फाइलीत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. साहेबांनी सांगितला नव्हता. फौजी म्हणजे गेट, एवढंच आमच्या डोक्यात. मी वरचा कागद पाहिला, कडेला 'गेटसाठी योग्य' असा शेरा मारला आणि पुढचा अर्ज घेतला. खाली त्यांचं मेकॅनिकचं सर्टिफिकेट होतं. मी पान उलटलं नाही.

गेटवरच्या नेमणुकीचं पत्र घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, मी तं मेकॅनिकचा अर्ज केला होता. हे काऊन आलं?"

मी म्हटलं, "आधी रुजू व्हा. मग बघू."

मग बघू. किती जणांना मी हे म्हटलं असेल? आणि किती जणांचं बघितलं?

सहा महिन्यांनी डंपर गेटातच बंद पडला. नामदेव ड्रायव्हर इथे बसलाय, त्याला विचारा. वर्कशॉपचे दोघे तासभर खटपट करून थकले. रशीदभाईंनी टोपी काढून नामदेवच्या हातात दिली. "धर. तू सलाम मार, मी इंजन पाहतो." वीस मिनिटांत डंपर चालू. त्या दिवशी मी फाइल काढली आणि खालचं पान पाहिलं.

यांना वर्कशॉपला घ्या, अशी मी वर चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, गेटला इतका शिस्तीचा माणूस पुन्हा मिळणार नाही, राहू द्या. मी राहू दिलं. दुसरी चिठ्ठी लिहिली नाही. मी एकदाच लिहिली. हे मला आज भाभींसमोर सांगायचं होतं.

त्यानंतर गाडी अडली की हाक ठरलेली. "रशीदभाऊ, या ना जरा." ते गेटवरून जायचे, हात काळे करून परत येऊन उभे राहायचे. भाभी घरी विचारायच्या, "आज सलाम किती अन् इंजन किती?" हे रशीदभाईंनीच मला हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

शेवटी एकदा मी बोलले. "रशीदभाई, मी तुमचं पान उलटलं नव्हतं."

ते म्हणाले, "मालूम आहे बाई. कागद वर लावणारा मीच ना? जाऊ द्या आता."

पण त्यांनी ते जाऊ दिलं नव्हतं. मागच्या महिन्यात ते एक अर्ज घेऊन आले. एटापल्लीकडचे सोमाजी मडावी. फौजी दवाखान्यात मलमपट्टी, इंजेक्शनं, सगळं केलेला माणूस. आपल्या दवाखान्यात कंपाउंडरची जागा रिकामी आहे. रशीदभाईंनी अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "यावेळी कागद मी लावले बाई. डिस्चार्ज बुक सगळ्यात खाली. वरून पाहा, माणूस दिसते का."

काल मी तो अर्ज शोधला. कुठे सापडला असेल? सुरक्षेच्या फाइलीत. आमच्या कारकुनाने तळाचं डिस्चार्ज बुक काढून वर आणून लावलं होतं. त्याला रागावू नका. त्याला मीच शिकवलं आहे.

साहेब, तो अर्ज हा. कागद मी पुन्हा रशीदभाईंनी लावले होते तसे लावले आहेत. फाइलीतून पाठवला तर पुन्हा गेटवर जाईल, म्हणून सगळ्यांसमोर तुमच्या हातात देते आहे. आज उत्तर मागत नाही. पण यावेळी मी दुसरी चिठ्ठी लिहीन. तिसरीही लिहीन.

भाभी, माफी मागायला मला उशीर झाला. ज्यांची मागायची, ते ऐकायला नाहीत.

आता सगळ्यांनी उठा. दोन मिनिटं कुणी बोलू नका, हलू नका. पाय दुखले तरी उभे राहा. आपण त्यांना बारा वर्षं उभं ठेवलं.