सामाईक मेलची मोजणी

— न्हाई न्हाई, जमीन न्हाई मोजायची सायेब. जमीन राह्यलीय कुठं आता वाघोलीत? ती बघा, समोर उभी हाय, लिफ्टसकट. बसा. मोजनीचं मशीन अंगनात उभं करा आन् खुर्ची अलीकडं घ्या, ऊन हाय तिकडं. अर्जात म्या मागच्या आवाराचं लिवलं, कारन तसं लिवल्याबिगर तुमी येनार न्हाई. मोजायचं हाय ते आत हाय — कॉम्प्युटरात. ईमेल मोजायचाय. हसा, हसलात तरी चालंल, पन उठू नका, चा ठेवलाय. मोजनी झाली की नकाशा करून द्यायचा — हितपातुर सर्जेराव, हितपातुर संभाजी, हितपातुर हिरा. सर्जेराव म्हंजे मी. संभाजी माझा धाकटा भाऊ. हिरा आमची बहिन, बिबवेवाडीला दिल्येली. खातं एक, मानसं तीन — झाला का न्हाई तंटा? मंग तंटा झाला की मोजनी पायजे का नको?

सांगतो ना, पयल्यापासनं सांगतो. जमीन दिली तवा बिल्डर म्हनला, ईमेल पायजे. म्हनलं, सातबारा हाय, मानूस जित्ता समोर उभा हाय, ईमेल कशाला? त्यो म्हनला, सगळे कागद त्याच्यावर येनार. मंग ऋषीनं — माझा पोरगा — दोघा भावांच्या नावानं एकच काढून दिला. एकत्र कुटुंब, एकत्र ईमेल, त्यात काय चुकलं? सगळं त्याच्यातच यायचं — लायटीची बिलं, लग्नाच्या पत्रिका, बँकेवाल्यांचं गोड गोड बोलनं, हिरानं धाडल्येले फोटू. चूल एक, मेल एक. बरं चाललं व्हतं. मंग वाटनी निघाली. का निघाली म्हनता? — निघते. आमच्यात गेटाच्या रंगावरनं निघाली. मी म्हनलं हिरवा, त्यो म्हनला चॉकलेटी. आता बघा गेटाला कोनचा रंग हाय. गंजाचा.

मामा पंच म्हनून बसला. हे घर मला, समोरच्या बिल्डिंगीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट त्याला. घंगाळ त्याला, परात मला. म्हशी कवाच विकल्या व्हत्या, तर त्यांच्या साखळ्या वाटल्या. शेवटाला मामा म्हनला, 'आन् त्यो ईमेल?' मामानं इचारलं, त्यो बघायचा कुठं? तवा शेफाली — सून माझी, कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय — ती म्हनली, 'डेस्कटॉपवर दिसतो, मोबाईलवर दिसतो, नाहीतर वेबवर कुठूनही उघडता येतो.' मामानं मांडीवर थाप मारली. म्हनला, सुटलं की! आयते तीन तुकडे हायेत! डेस्कटॉप थोरल्याला, कारन कॉम्प्युटर ह्या घरात हाय. मोबाईल धाकट्याला, त्यो हिंडता-फिरता मानूस. राह्यली वेब. तवा हिरा पदर खोचून उभी राह्यली. म्हनली, 'जमिनीच्या येळंला म्या सही करून हक्क सोडला, साडीचोळीवर गेले. वेब मी सोडनार न्हाई.' दिली वेब. शेफाली आपली वरडतीय — 'अहो बाबा, अकाउंट एकच आहे, या नुसत्या तीन खिडक्या आहेत!' मामा म्हनला, 'पोरी, खिडक्या बी वाटल्यात म्या आजवर, गप बस.'

पयलं फोल्डर म्या काढलं. पन माझ्या डेस्कटॉपवर काढलं, माझ्या हद्दीत! नाव दिलं 'सर्जेराव खासगी' आन् माझी बिलं त्यात सारली. तर जरा येळानं वॉचमन निरोप घेऊन आला — आमी बोलत न्हाई ना, वॉचमनच चालतोय मधी — 'भाऊंनी सांगितलंय, माझ्या मोबाईलात फोल्डर काढून बांध कोरू नका.' म्या त्याच्या मोबाईलला बोट बी लावलं न्हाई सायेब! हराळी कशी बांधाखालनं जाती आन् पल्याड उगवती, तसं आपसूक उगवलं ते. मंग त्यानं काय केलं? उडवलं. त्याच्या हद्दीतनं उडवलं आन् माझ्या हद्दीतनं गेलं — बिलांसकट! लाईट कापायला मानूस दारात उभा. शेफालीनं मेलच्या कचऱ्याच्या डब्यातनं बिल हुडकून काढलं — मेलला बी कचऱ्याचा डबा असतोय, बरं का. मंग मी सांजच्याला कॉम्प्युटर बंद करायचो, वरनं चादर टाकायचो आन् खोलीला कुलूप घालायचो. म्हनलं, बघू कसं जातंय फोल्डर भाईर. त्यानं तिकडं मोबाईलला इमानाचं चित्र लावलं — उडायचं इमान हो, ते सगळं बंद करतं ना, ते — म्हंजे कुंपनच घातलं. काही दिस निवांत गेलं. मंग त्यानं कुंपन उघडलं, तर पाट फुटावा तसं त्याचं सगळं एकदम माझ्या अंगावर! माझी फोल्डरं इस्कटली, त्याची माझ्यात, माझी हिराच्यात. आन् हिरा तरी? ती बिबवेवाडीत बसून वेबवरनं 'माहेर' नावाचं फोल्डर काढून मोकळी. त्यात काय सारलं? बिलं न्हाई. आईचा फोटू, बैलांचा फोटू, खळ्यावर उभ्या दोघा भावांचा फोटू. चांगलं चांगलं तेवढं तिकडं. बहिनी असंच करत्यात.

मंग शेफालीला म्हनलं, बये, कायमचा तोडगा काढ. तिनं रूल लावला. रूल म्हंजे आपन पानी वळवतो ना, दारं मोडून — तसं. ज्या मेलमधी 'संभाजी' असंल त्यो संभाच्या फोल्डरात, 'सर्जेराव' असंल त्यो माझ्या. बेस झालं म्हनलं. तर छत्रपती संभाजीनगरच्या पाहुण्यांनी पोरीची लग्नपत्रिका मेलवर धाडली. रूलनं गावाचं नाव वाचलं आन् नेऊन टाकली पत्रिका संभाच्या फोल्डरात! त्याला वाटलं, आपल्या एकट्यालाच आवतन. मला वाटलं, मला बोलवलंच न्हाई. त्यो तिकडं फेटा बांधून जेवून आला, मी हितं तोंड फुगवून बसलो. पाहुना फोनवर म्हनतोय, 'सर्जेराव, एवढा कसला राग?' आता त्याला काय सांगू — तुमच्या गावाच्या नावानं घात केला?

काय? त्याच्या फोल्डरातलं मी वाचायचो का? — छ्या! दुसऱ्याच्या हद्दीत पाय ठेवत न्हाई मी. नुसतं बघायचो. लांबनं. कसंय सायेब, न वाचल्येला मेल जाड अक्षरात असतो, वाचला की बारीक होतो. सकाळी चा घेऊन बसलो की त्याच्या फोल्डरात जाड असायचं, मंग माझ्या डोळ्यादेखत बारीक व्हायचं. म्हंजे उठला संभा. चष्मा लावला, गॅलरीत बसलाय, वाचतोय. एखाद दिशी उशीर झाला की मी हिला म्हनायचो, आज झोपलाय वाटतं अजून, रातभर टीव्ही बघत बसला असंल. ही म्हनायची, तुमाला काय करायचंय? मला काय करायचंय! हद्दीवर ध्यान ठेवायला नको?

तर एक दिस बारीक झालंच न्हाई. दुसऱ्या दिशी बी न्हाई. जाड, जाड, जाड — वरनं खालपातुर सगळं काळंकुट्ट. वर बघितलं तर गॅलरीत धुनं बी न्हाई वाळत. आता इचारू कसं? वॉचमनला इचारावं तर गावभर व्हनार, थोरला शरन आला म्हनून. मंग म्या एक फोल्डर काढलं — माझ्याच हद्दीत. नाव दिलं, 'संभा कुठं हाय'. आत काय न्हाई, रिकामं. आन् बसलो बघत. दुपारच्याला त्याच्या पोटात दुसरं फोल्डर फुटलं — 'दवाखान्यात'. वेबवरनं हिरा! म्या त्याच्या पोटात काढलं, 'काय झालं'. तिनं त्याच्या पोटात, 'छातीत दुखलं, जाळी बसवली, आता बरा आहे दादा'. म्या काढलं, 'जेवतो का'. तिनं काढलं, 'भात मागतोय, देत नाहीत'. असं पोटात पोट, पोटात पोट, सरकत सरकत पार स्क्रीनच्या कडंला गेलं, अक्षर दिसंना. शेफाली कामावरनं आली, बघून कपाळाला हात लावला. म्हनली, 'बाबा, आत्यांना सरळ फोन का नाही केलात?' अगं, फोन कसा करू? मोबाईल त्याच्या वाटनीला गेलाय!

भेटायला? — चा घ्या की, गार व्हतोय. — गेल्तो. दवाखान्याच्या दारातलं बाकडं चांगलं हाय. बसून आलो.

मंग एके सकाळी बघतो, तर माझं 'संभा कुठं हाय' गायब! पोटातल्या सगळ्या पोटांसकट उडवल्येलं. म्हनलं, आला! घरी आला, मोबाईल हातात घेतला, आन् पयलं काम काय केलं तर माझं फोल्डर उडवलं. असा आनंद झाला सायेब! हिला म्हनलं, शिरा कर. ही म्हनली, कशाचा शिरा? म्हनलं, संभानं माझ्या हद्दीत घुसून नुकसान केलंय, कर शिरा.

हां, तर मोजनी. आता त्यानं शेफालीपाशी निरोप धाडलाय — डॉक्टर म्हनला डोक्याला ताप नको, तवा ज्याचं त्याला येगळं अकाउंट करू. त्याचं त्याला, माझं मला, हिराचं हिराला. शेफाली म्हनती, रविवारी करून टाकते बाबा, सोपं आहे. सोपं! म्हंजे मंग मला माझंच जाड दिसनार, मीच वाचनार, मीच बारीक करनार. ह्याला काय मेल म्हनायचं? म्हनून तुमाला बोलवलं. मोजनी चालू हाय म्हनल्यावर पुढचं वाटप करता येत न्हाई — असा कायदा हाय ना? नसंल तर नसू द्या, संभाला कुठं म्हाईत हाय. म्हनूनच म्हनलं, मशीन अंगनात उभं करा, वरनं दिसाया पायजे. आन् घाई करू नका. आज नुसत्या खुना करा. पुढच्या महिन्यात या. मंग पाऊस लागंल. मंग तुमचा एखादा कागद सापडू नये. मंग परत या. खरं सांगू का, तुमी येळेवर आलात तवाच म्हनलं, ह्यो मानूस आपल्या कामाचा न्हाई.

अं? मेल मोजता येत न्हाई? असं कुठं लिवू नका, हात जोडतो! लिवायचंच तर लिवा, 'हद्द सापडत न्हाई'. खोटं हाय का? इतका येळ सांगतोय, तुमाला तरी सापडली का?

— थांबा. त्यो कोन? गेटातनं — बनियनवर? संभा! अहो, एका पायात चप्पल न्हाई त्याच्या. वरनं बघितलं असंल मशीन, वाटलं असंल थोरला जमीन मोजून घेतोय. म्हनून एवढं पळत यायचं व्हय? आरं हळू! जाळी बसवलीय ना छातीत! — काय? काय म्हनला? ऐकलंत सायेब? 'दादा' म्हनला. 'दादा, कुनाच्या बापाची जमीन मोजतोस' म्हनला! — तुझ्या! तुझ्याच बापाची! ये, वर ये आधी, बस हितं. धापा नको टाकू, पानी पी. मंग शिव्या दे. — आन् तुमी अजून बसलाय व्हय सायेब? उठा. भावाभावाचं भांडान हाय, परक्यानं ऐकू नये. राहू द्या चा तसाच. उठा म्हनतो ना.