ठकूला पुढचं दार

मंडळी, ऐका! आधी एक सवाल. भाकरी दिसते, ती थापणारी बाई दिसते — पण तिच्याही आधी जिचा हात लागला ती? ती कुणाला दिसते? पेटीवाले, तुम्हाला? तुम्ही तर डुलक्या घेताय!

माझ्या माहेरी, कुंभारखेड्यात, ठकू पाथरवटीण होती. सकाळी गल्लीत तिची हाळी यायची — "टाकी लावा गंऽ, जात्याला टाकी!" दळून दळून जातं गुळगुळीत झालं, की ठकू मांडी घालून बसायची, छिन्नीनं दगडात नव्या चिरा पाडायची. टण् टण् टण्! आवाज असा, की शेजारच्या गावच्या कोंबड्या दचकून दोन-दोन अंडी घालायच्या! हसू नका, मी खाल्लीत!

बायका भोवती जमायच्या. सासूच्या कागाळ्या, माहेरच्या आठवणी — सगळं त्या टणटणीत मोकळं व्हायचं. काय दिवस होते गं!

मग आली नागनाथशेठची गिरणी. भकभक भकभक! जाती कोपऱ्यात गेली, हाळी थांबली. एक दिवस ठकूनं आईची छिन्नी लोहाराला दिली. "खुरपं करून दे, बाबा." डोळ्यांत पाणी — पण पोट कुणाला चुकलंय?

दुसऱ्या सकाळी शेठ दारात! "ठकू, पीठ करपतंय गं! दगड गुळगुळीत झाले, म्हणून मेव्हण्यानं टाकी मारली —"

"कशी मारली?"

"पाट्याला मारतात तशी. ठिपके ठिपके."

"अगं बाई! पीठ आत कोंडलंय की, नव्या सुनेसारखं! चिरा मधनं कडेला न्यायच्या असतात. त्याला बाहेर यायला वाट नको?"

"मग ये ना. पण मागच्या दारानं हो! गिरणी बाईनं नीट केली म्हणतील."

ठकूनं कमरेवर हात ठेवले. "पुढच्या दारानं येईन. नाहीतर खा करपट!"

शेठ गिरणीकडे वळला, मागनं ठकू. गिरणीपुढच्या रांगेतली म्हातारी ओरडली, "उघडा की ओ दार, नातवंडं उपाशी हायेत!" शेठनं मान खाली घातली — नि दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या.

पण छिन्नी? ठकू लोहाराकडे धावत सुटली! भट्टी लाल, छिन्नी चिमट्यात! "थांब रं, मेल्या! हात नको लावूस आईला!"

आणि छिन्नी हातात धरून, भर बाजारातनं, पुढच्या दारानं, हाळी देत ठकू आत गेली — "टाकी लावा गंऽ!" मागनं सगळ्या म्हाताऱ्यांनी सूर धरला. अजून कानात आहे बघा.

तर मंडळी, तुमच्या घरी मागच्या दारानं कोण येतं? तिचं नाव तरी ठाऊक आहे? उद्या पुढचं दार उघडाल? काय म्हणालात? मोठ्यानं बोला — ठकूला ऐकू गेलं पाहिजे!