गळ्याचं माप

नाही, मला सांगा, माणसाने आजारी पडायचं ते काय विमा कंपनीला विचारून? फॉर्म भरला तेव्हा मी ठणठणीत होतो हो. त्यांच्याच डॉक्टरने तपासलं, रक्त घेतलं, जीभ बघितली, म्हणाला, टेलरमास्तर, तुम्हाला काही धाड भरलेली नाही. विमावाल्याने चार सह्या घेतल्या आणि पेन खिशाला लावत म्हणाला, "पॉलिसी एक तारखेला सुरू. मधल्या काळात तब्येतीत काही बदल झाला तर लेखी कळवायचं, मग कंपनी नव्याने विचार करते. तेव्हा तेवढे दिवस जपा." तेवढे म्हणजे किती, तर सव्वीस. मी म्हटलं, त्यात काय, इतकी वर्षं जपलंच की.

आणि पाचव्या दिवशी, सोमवारी, तुम्हाला सांगतो, शर्टाचं वरचं बटण लागेना. माझा शर्ट, मीच शिवलेला, गळा साडेपंधरा... दुसरा कुणी म्हणाला असता, कापड आटलं. पण कापड आटलंय की गळा वाढलाय हे मला नाही कळणार तर कुणाला? हिने टेप लावला. पावणेसोळा. डाव्या बाजूला बोट ठेवून म्हणाली, "अहो, इथे गाठ आहे. उठा, डॉक्टरकडे चला."

मी म्हटलं, अगं, डॉक्टरने कागदावर लिहिलं की तो झाला बदल, नाही लिहिलं तर नुसता गळा. विमावाल्याला फोन लावला, आडून आडून विचारलं, एका गिऱ्हाइकाच्या गळ्याला असं असं झालंय... तो काय समजायचं ते समजला. "मी काही ऐकलं नाही मास्तर. तेवढे दिवस जपा."

जपलं. भर उन्हात मफलर गुंडाळून दुकानात बसलो, कुणी विचारलं, मास्तर, बरं नाही का, तर म्हणायचं, छे, सर्दी आहे. घास उतरेना तेव्हा सगळं पातळ करून प्यायलो, आवाज बसला तेव्हा कमी बोललो... मी, कमी बोललो, यावरून काय ते ओळखा. आणि ही दर सोमवारी टेप लावायची. सोळा. सव्वासोळा. साडेसोळा. घाबरलो होतो हो, खोटं कशाला सांगू, मशीनवर पाय चालता चालता थांबायचा. पण म्हटलं, तेवढे दिवस जपायचे.

एक तारखेला दवाखाना उघडायच्या आधी दारात हजर. डॉक्टरांनी गळा चाचपला, विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी आरशापुढे पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "आजच लक्षात आलं." तोवर हिने पिशवीतून मापाची वही काढली. आमच्या धंद्यात टेप लावला की तारीख घालून माप लिहायचंच, हात आपोआप जातो. गिऱ्हाइकांच्या पँट-शर्टांमध्ये हिने लिहून ठेवलेलं, 'हे, गळा', चार सोमवार, चार तारखा. डॉक्टर खूश. "इतकं व्यवस्थित कुणी आणत नाही." सगळं फाइलमध्ये उतरवून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पहिल्या सोमवारी यायला हवं होतं. आता आवाजाच्या नसेपर्यंत गेलंय."

खर्च मागायला तीच फाइल कंपनीकडे पाठवली, कंपनीचं पत्र पंधरा दिवसांत आलं. माहीत असलेला बदल कळवला नाही, सबब पॉलिसी रद्द. विमावाला पायरीवरूनच म्हणतो, "जपा म्हटलं होतं मास्तर, लिहा कुठे म्हटलं होतं?" मी तणतणत आत गेलो, हिला म्हटलं, वही दाखवलीस कशाला? तर म्हणते, "तुम्हाला पैसे वाचवायचे होते, मला तुम्हाला."

म्हणून आज बोलून घेतोय. उद्या ऑपरेशन. जीव वाचेल म्हणाले, आवाजाचं सांगता येत नाही. सकाळी कंपनीला फोन केला, म्हटलं, तक्रार करायची आहे. पलीकडची बाई फार गोड बोलली. "करा ना सर. तक्रार आम्ही फोनवरच घेतो, फक्त अर्जदाराचा स्वतःचा आवाज लागतो. पुढच्या सोमवारची वेळ देते, चालेल?"

मी म्हटलं, चालेल.